सभासदबाईंचे यजमान

ऐन नगरपालिकेच्या सभेच्या दिवशी लुंबिनीचं तोंड उघडेना. आदल्या संध्याकाळी गाझियाबादच्या डॉक्टरांनी तिची अक्कलदाढ काढली होती. दाढ आडवी होती, निघायला राजी नव्हती, आणि निघता निघता तिनं लुंबिनीचा उजवा गाल टम्म फुगवून सूड घेतला होता. तोंडात कापसाचा बोळा होता आणि बोलायला सक्त मनाई होती.

"आई, आज नको ना जाऊ," तनया शाळेचे मोजे चढवत म्हणाली.

लुंबिनीनं फोनवर टाईप करून स्क्रीन लेकीसमोर धरली. 'आज हद्दवाढीचा ठराव आहे. जावंच लागेल.'

"हद्दवाढ म्हणजे? हद पार करना?"

"नाही गं, हद्द पुढे सरकवणं," बुद्धभूषण म्हणाला. "आपल्या गावाची."

"अच्छा," तनया म्हणाली आणि बसकडे पळाली.

नवलगढी नावाचं हे गाव गाझियाबादच्याही पुढे, जिथे मेट्रो संपते आणि ऑटोवाले माणसं मोजायचं सोडून देतात, तिथे आहे. दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून गजभिये कुटुंबानं इथे स्वतःचा फ्लॅट घेतला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मागच्या निवडणुकीत त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. वॉर्डातल्या दोन बड्या घराण्यांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि मधल्यामध्ये मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या लुंबिनी मॅडम सभासद म्हणून निवडून आल्या. सगळ्यात मोठा धक्का खुद्द लुंबिनीला बसला. त्याखालोखाल तिच्या नवऱ्याला.

बुद्धभूषण दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. सरकारी नोकरानं राजकारणापासून चार हात लांब राहायचं, हा नियम त्याच्या अंगात मुरला होता. बायको निवडून आली तेव्हा त्यानं आधी कार्यालयाला रीतसर कळवलं आणि मग पेढे आणले. दारावर दोघांच्या दोन पाट्या लावल्या, त्याही मध्ये वीतभर अंतर सोडून. नगरपालिकेच्या इमारतीत त्यानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आज मात्र बायकोला गाडी चालवता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा अर्धा दिवस रजा टाकून त्यानं तिला स्कूटरवर मागे बसवलं.

ठराव साधा होता. गावाच्या टोकाला नाला आहे आणि नाल्यापलीकडे सरकारी प्राथमिक शाळा. मुलं जवळजवळ सगळी नवलगढीची, पण जमीन शेजारच्या रामगढीची. शाळेचं छत गळायचं, दोन खोल्यांना कुलूप लागलं होतं, आणि तिसरी-चौथीचे वर्ग व्हरांड्यात एकाच फळ्यावर मधोमध रेघ मारून भरत होते. नगरपालिकेकडे शाळांसाठी निधी पडून होता, पण तो हद्दीतल्या शाळेलाच देता येत होता. म्हणून नाल्यापलीकडची पट्टी हद्दीत घ्यावी, असं सरकारला कळवायचं आणि त्याच बैठकीत शाळेसाठी निधी राखून ठेवायचा, असा ठराव लुंबिनीनं वर्षभर खपून सभेपुढे आणला होता. अडचण एवढीच की त्याच पट्टीत राजपाल चौधरींचं विटा-सिमेंटचं गोदाम होतं. हद्द सरकली की गोदामाला कर लागणार होता. सभासद दोन्ही बाजूंना सारखे विभागले गेले होते, आणि लुंबिनीच्या मतावर सगळं येऊन ठेपलं होतं.

बुद्धभूषण तिला दारात सोडून बाहेरच थांबणार होता. पण सभागृहाच्या दारात पोचताच लुंबिनीला तोंडातला कापूस बदलावासा वाटला. इमारतीतल्या स्त्रियांच्या प्रसाधनगृहाला कुलूप होतं. शिपायानं सांगितलं की आत डासांच्या धुराचं मशीन ठेवलेलं आहे. लुंबिनीनं नवऱ्याच्या हातात आपली फाईल दिली, आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं, आणि समोरच्या दवाखान्यात जाऊन आलेच, अशा अर्थाची खूण करून ती गेली.

खुर्ची सांभाळायची म्हणजे शेजारी उभं राहिलं तरी चाललं असतं. पण तिथे उभं राहणारा माणूस फार नजरेत भरत होता, म्हणून बुद्धभूषण खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. मग त्यानं सभागृह पाहिलं. टेबलांवर नावांच्या पाट्या होत्या. संतोष देवी, ओमवती, मुनेश देवी. आणि पाट्यांमागे मिशा होत्या. नवलगढीत बायका निवडून येत आणि सभेला त्यांचे नवरे येत. लोक त्यांना 'सभासद पती' म्हणत आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नसे. संतोष देवींच्या पाटीमागे खुद्द राजपाल चौधरी बसले होते. स्वतः सभेला येणारी बाई एकटी लुंबिनीच होती.

"आइए आइए, गजभिये जी," नगराध्यक्ष ओमवीर सिंह मोठ्या मायेनं म्हणाले. "आखिर आप आ ही गए."

"नहीं नहीं, मैं तो सिर्फ़…" बुद्धभूषण म्हणेपर्यंत सभा सुरू झाली होती.

ओमवीर सिंहांना जेवणाच्या आत सभा संपवायची होती. नगरपालिकेच्या मुख्य अधिकारी शिवांगी त्यागी त्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीला गेल्या होत्या, त्यामुळे कागदपत्रं बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, सांभाळत होते आणि नियमांची आठवण करून देणारं कुणी नव्हतं. चर्चा अशी झालीच नाही. राजपाल म्हणाले, शहर वाढलं की डास वाढतात. बुद्धभूषणच्या शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, मुलं भिजतात. अध्यक्ष म्हणाले, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, मतदान घेऊ. मागच्या वेळी काही जणांनी दोन्ही हात वर केल्यामुळे मोजणीत घोळ झाला होता, म्हणून यंदापासून उभं राहून मत द्यायचं ठरलं होतं.

"जो प्रस्ताव के पक्ष में हैं, खड़े हो जाएँ."

मास्तर उठले, आणखी काही जण उठले. मास्तरांनी बुद्धभूषणला कोपरानं ढोसलं. बुद्धभूषण खुर्चीला चिकटला. "मैं नहीं उठ सकता, मास्टर जी," तो कुजबुजला. "सरकारी नौकर हूँ." मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तिसरी-चौथीची सगळी मुलं एकाच वेळी नापास झाली असावीत.

"जो विरोध में हैं, खड़े हो जाएँ."

राजपाल उठले, त्यांच्या बाजूचे उठले. आणि नेमकी त्याच क्षणी लुंबिनी दारात आली. तिला पाहून बुद्धभूषणचा जीव भांड्यात पडला. खुर्ची रिकामी करून द्यायला तो ताडकन उठला.

"एक मत से प्रस्ताव गिर गया," अध्यक्ष म्हणाले आणि बडे बाबूंनी लिहून घेतलं.

लुंबिनी जागच्या जागी थिजली. तिनं वर्षभर जपलेला ठराव तिच्याच खुर्चीपुढे उभं राहून तिच्याच नवऱ्यानं पाडला होता, आणि ती बोलू शकत नव्हती. "ऊं! ऊं ऊं!" असं काहीतरी करत ती पुढे आली.

"भाभीजी को बहुत तकलीफ़ है," अध्यक्ष कळवळले. "बैठाइए उन्हें, पानी दीजिए."

तिनं पाणी बाजूला सारलं, बडे बाबूंचा पेन हिसकावला आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर घाईघाईनं लिहिलं. पण संताप आणि दाढदुखी एकत्र आली की माणसाला मातृभाषाच सुचते. तिनं लिहिलं, 'हा विरोध माझा नाही.'

अध्यक्षांनी चष्मा पुढे-मागे करून वाचलं. "हा… विरोध. माझा… ये माझा क्या है?"

"हा मतलब हाँ," राजपालनी तत्परतेनं भाषांतर केलं. "हाँ, विरोध. और आख़िर में नाही, यानी साफ़ मना. मैडम ने तो लिखकर भी दे दिया."

"ऐसा नहीं है साहब, मराठी में इसका मतलब…" बुद्धभूषणनं सुरुवात केली. पण सभा उठली होती आणि सगळे समोशांकडे वळले होते.

परतीच्या वाटेवर लुंबिनी एक अक्षर बोलली नाही. डॉक्टरांनी मनाई केली होती हे खरं, पण ही शांतता वैद्यकीय नव्हती, हे स्कूटर चालवणाऱ्याला पाठीतून कळत होतं. घरी पोचेपर्यंत गावातल्या 'नवलगढी की आवाज़' या मोबाईलवरच्या बातमीपत्रानं फोटो टाकला होता. बुद्धभूषण ताठ उभा, बाजूला हसरे राजपाल. खाली लिहिलं होतं, 'सभासद पति गजभिये ने गिराया स्कूल का प्रस्ताव.'

संध्याकाळी भांडी घासायला आलेल्या बाईंची दोन्ही मुलं त्याच शाळेत होती. त्यांनी कढई अशी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

बुद्धभूषण बायकोसमोर बसला. "लुंबिनी, मी खुर्ची द्यायला उठलो गं. देवाशप्पथ नाही म्हणत, घटनेची शपथ घेऊन सांगतो."

लुंबिनीनं टाईप केलं. 'पक्षात उभं राहा म्हटलं तेव्हा का नाही उठलात?'

"तेव्हा मत दिल्यासारखं झालं असतं."

तिनं फोन उलटा ठेवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तनया आली, तोंड हलवत. "पप्पा, ही बालूशाही मस्त आहे. कोणी दिली?"

ओट्यावर मिठाईचा मोठा डबा होता. दुपारी ते दोघं पुन्हा डॉक्टरकडे गेले असताना कुणीतरी देऊन गेलं होतं आणि तनयानं ठेवून घेतला होता. डब्यावर चिठ्ठी होती. 'धन्यवाद. राजपाल चौधरी.'

बुद्धभूषणनं चिठ्ठी दोनदा वाचली. मत दिल्याबद्दल मिठाई, तीही सरकारी नोकराच्या घरात. आणि त्यातली एक बालूशाही अर्धी तनयाच्या पोटात, अर्धी तिच्या हातात.

"उरलेली ठेव," तो म्हणाला.

"उष्टी आहे."

"मग खा. नाही, नको खाऊ. बरं, खा."

डबा परत करायचा हे नक्की होतं. पण तो जसाच्या तसा परत जायला हवा होता, नाहीतर थोडी लाच ठेवून घेतली असं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच बुद्धभूषण बाजारात गेला आणि एक बालूशाही मागितली. हलवायानं दोनदा विचारून खात्री केली. ती बालूशाही डब्यातल्या इतरांपेक्षा लहान निघाली. तरी ती मधोमध बसवून, डबा बांधून, तो राजपालच्या दारी गेला.

"ये वापस लीजिए, चौधरी साहब. मैं नहीं ले सकता."

राजपाल खोखो हसले. त्यांना ही दिल्लीवाल्यांची अदब वाटली. "अरे, आप भी! मिठाई के बदले मिठाई?" असं म्हणत त्यांनी डबा उघडला, नेमकी ती लहान बालूशाही उचलली आणि बुद्धभूषणच्या तोंडात कोंबली. अंगणात खाटेवर बसलेल्या बातमीपत्रवाल्यानं फोटो घेतला.

बुद्धभूषण मेट्रोत बसला तोवर बातमी आली होती. 'जीत की ख़ुशी में गजभिये ने राजपाल के घर बाँटी मिठाई.' आणि मंत्रालयात पोचतो न पोचतो तोच अवर सचिव कुरियन साहेबांनी बोलावणं धाडलं. कुरियन साहेब केरळचे, बोलायचे कमी. त्यांनी फोनची स्क्रीन त्याच्यापुढे सरकवली.

"गजभिये, ये मिठाई किस ख़ुशी में?"

"सर, मैं लौटाने गया था."

"मुँह में?"

बुद्धभूषणनं सगळी हकीकत सांगितली. अक्कलदाढ, धुराचं मशीन, खुर्ची, 'हा विरोध माझा नाही'. कुरियन साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी ते म्हणाले की प्रकरण वर जायच्या आत ते मत तुमचं नव्हतं असं नगरपालिकेकडून स्पष्ट करून घ्या, नाहीतर मला मेमो काढावा लागेल.

त्या रात्री बुद्धभूषणला झोप लागली नाही. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या फाईलवर एक ओरखडा नव्हता. पण सकाळी चहा पिता पिता त्याच्या ध्यानात आलं की नोकरी वाचवायची तर ते मत रद्द व्हायला हवं, आणि मत रद्द झालं तर ठरावही पुन्हा जिवंत होतो. त्यानं हे लुंबिनीला सांगितलं. ती चहात बोटभर बिस्कीट बुडवत होती. ती उठली, पर्स घेतली आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

शिवांगी त्यागी वयानं लहान होत्या आणि नवलगढीत नव्या होत्या. त्यांनी बुद्धभूषणला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला. खुर्च्यांची त्याला आता धास्ती वाटत होती.

"आप सभासद हैं?" त्यांनी विचारलं.

"नहीं मैडम."

"तो विरोध में खड़े कैसे हुए?"

"मैं खड़ा नहीं हुआ था, मैडम. मैं उठा था."

शिवांगींनी पेन खाली ठेवला. जो सभासद नाही त्याचं मत मोजताच येत नाही, हे उघड होतं. हे लेखी द्याल का, असं त्यांनी विचारलं. बुद्धभूषणनं तिथेच लिहून दिलं. टिप्पणी लिहिण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. शिवांगींनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. त्या आल्यापासून याच गोष्टीची वाट पाहत होत्या. मिशीवाल्या सभासदांबद्दल त्यांनी अनेकदा तोंडी हरकत घेतली होती, पण लेखी तक्रार करायला गावात कुणी तयार नव्हतं. आता तर एका सभासद पतीनं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं की सभासदाचा नवरा हा सभासद नसतो.

"मग हा नियम एकट्या तुमच्यापुरता कसा लावू?" त्या हिंदीत म्हणाल्या. "लावायचा तर सगळ्यांनाच."

पुढच्या आठवड्यात सभा पुन्हा बोलावली गेली, आणि दारावर ओळखपत्र पाहून आत सोडायचं ठरलं. नवरे बाहेरच्या बाकांवर बसले. बायका आत गेल्या. त्यातल्या दोघींनी आपल्या नावाची पाटी पहिल्यांदाच पाहिली. संतोष देवी पदर सावरत, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढल्या.

बुद्धभूषण राजपालच्या शेजारी बसला होता. राजपाल निश्चिंत होते. "समझा दिया है," ते म्हणाले. "विरोध सुनते ही खड़ी हो जाएगी. और ओमवती और मुनेश तो उसी को देखकर चलती हैं."

दार बंद होतं, पण वरची झडप उघडी होती. आतून लुंबिनीचा आवाज आला. आठवडाभर साठलेला असावा, असा तो खणखणीत होता. तिनं ठराव वाचला. मग एक बारीक, अनोळखी आवाज.

"ये वही स्कूल है न, नाले पार वाला?"

"हाँ जी, संतोष जी."

"पाँचवीं तक वहीं पढ़ी हूँ मैं. रामगढी मेरा मायका है. छत तो तब भी टपकती थी."

राजपालनी सुपारी चघळायची थांबवली. आत अध्यक्षांनी पक्षात असणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. एक, आणखी एक, मग इतके की बाकावरच्या नवऱ्यांनी एकमेकांकडे पाहणंच बंद केलं. बुद्धभूषणनं श्वास रोखून धरला होता. मागोमाग अध्यक्ष म्हणाले, "जो विरोध में हैं…" आणि दोन-तीनच खुर्च्या कुरकुरल्या.

त्यानं सोडलेला श्वास इतका मोठा होता की शेजारच्या माणसाच्या मांडीवरचा पेपर हलला.

संतोष देवी बाहेर आल्या तेव्हा राजपाल पायऱ्यांपाशी उभे होते. "तुझसे कहा था न, विरोध पे खड़ी होना."

"घुटनों में दर्द है," संतोष देवी म्हणाल्या. "एक ही बार उठ सकती थी." आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. राजपाल ड्रायव्हरच्या जागी बसले.

त्या संध्याकाळी भांडी घासणाऱ्या बाईंनी कढई अलगद ठेवली. बातमीपत्रानं नवी बातमी टाकली होती. 'गजभिये परिवार में फूट, पति के ख़िलाफ़ गया पत्नी का वोट.' बुद्धभूषणनं ती वाचून कपाळाला हात लावला. एवढ्यात कुरियन साहेबांचा फोन आला.

"पढ़ लिया," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात त्यानं पहिल्यांदाच हसू ऐकलं. "बहुत अच्छी ख़बर है." मग ते हिंदीतच पुढे म्हणाले, "बायकोनं तुमच्या विरोधात मत दिलं म्हणजे तुमचा काही प्रभाव नाही, हे जाहीरच झालं. एका ओळीत लिहून द्या. फाइल बंद."

बुद्धभूषणला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. त्यानं लगेच कागद घेतला आणि लिहिलं की माझ्या पत्नीच्या सार्वजनिक कामावर माझा कोणताही प्रभाव नाही. सवयीनं तो कागद त्यानं तपासायला लुंबिनीकडे दिला.

दाढ काढल्यापासून लुंबिनी पहिल्यांदाच गरम भाकरी चावून खात होती. तिनं वाचलं.

"'कोणताही' खोडा," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही त्या दिवशी नको तिथे उठला नसता, तर या सगळ्या बायका आज आत आल्या असत्या का?"

बुद्धभूषणनं पेन उचलला. 'कोणताही'वर टेकवला. मग टोपण लावलं.

"राहू दे तसंच," तो म्हणाला. "नोकरीचा प्रश्न आहे. पण तू म्हणालीस ते बरं वाटलं."

"मग ते लिहू नका कुठे," लुंबिनी म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.